सल्ला: अनुदानित शाळेतली पूजा, एका पालकाचा नकार आणि मुख्याध्यापकांपुढचा पेच

पत्र:
"मी कोल्हापूरच्या उपनगरातल्या एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. दर श्रावणात शाळेच्या हॉलमध्ये, शाळेच्या वेळेतच, सत्यनारायणाची पूजा होते. प्रत्येक मुलाकडून ५० रुपये घेतो. मोठ्या वर्गांतल्या मुली आरतीला पुढे उभ्या राहतात. यंदा सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी डायरीत लिहून पाठवलं, 'माझ्या मुलीला पूजेला बसवू नये, वर्गणी देणार नाही, सकाळच्या प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करू नये.' कारण दिलेलं नाही. पूजेच्या दिवशी वर्गशिक्षिकेने मुलीला व्हरांड्यात बसवलं. मला हे नंतर समजलं. आता वडिलांनी रीतसर अर्ज दिला आहे. संस्थेचे सचिव म्हणतात, एका पालकासाठी चाळीस वर्षांची परंपरा मोडायची नाही. मी स्वतः श्रद्धाळू आहे आणि पूजेला यजमान म्हणून मीच बसते. कायदा नक्की काय म्हणतो, आणि पुढच्या पूजेआधी मी काय काय करायला हवं?"

उत्तर:
मॅडम, सगळ्यात आधी तो अर्ज आवक नोंदवहीत चढवा, आवक क्रमांक टाका आणि शिक्का मारून पोच द्या. असे अर्ज पुष्कळदा टेबलाच्या खणात पडून राहतात. "बघू, बोलू त्यांच्याशी" म्हणता म्हणता दोन महिने जातात आणि मग पालक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातात तेव्हा शाळेकडे दाखवायला कागदच नसतो. अर्ज घेतला म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही.

आता कायदा. भारतीय संविधानाचं २८ वं कलम शाळांसाठीच आहे. त्याच्या पहिल्या पोटकलमानुसार जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, म्हणजे जिल्हा परिषदेची किंवा महानगरपालिकेची, तिथे धर्मशिक्षण देताच येत नाही. दुसरं पोटकलम एक अपवाद सांगतं: एखाद्या दानपत्राने किंवा न्यासाने धर्मशिक्षणाच्या अटीवर सुरू झालेली आणि पुढे सरकार चालवत असलेली संस्था. तो तुम्हाला लागू नाही. तुम्हाला लागू आहे ते तिसरं पोटकलम. सरकारची मान्यता असलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक संस्थेत, तिथे येणाऱ्या व्यक्तीवर धर्मशिक्षणात भाग घेण्याची किंवा धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्या व्यक्तीने स्वतः संमती दिली असेल, किंवा ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असेल तर तिच्या पालकाने दिली असेल, तरच ते चालतं.

"मान्यता असलेल्या किंवा मदत घेणाऱ्या" यातला "किंवा" नीट वाचा. आम्ही एक रुपयाही अनुदान घेत नाही, आम्हाला काय, असं विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा म्हणतात ते चुकीचं आहे. मान्यता घेतली की बंधन आलं. चर्चने चालवलेल्या शाळेत हिंदू मुलाला प्रार्थनासभेला बसवायचं असेल तरी हेच कलम, मदरशाला जोडलेल्या मान्यताप्राप्त शाळेतही हेच. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिलाय, तरी दुसऱ्याच्या मुलाला आपल्या उपासनेत ओढण्याची मुभा त्यात नाही.

दुसरी बाब संमतीच्या क्रमाची, आणि तुमच्या शाळेत नेमकं इथेच बिघडलंय. बहुतेक शाळांचा समज असा, की पूजा सगळ्यांसाठी आहे, ज्याला नको त्याने सांगावं. कलमाची रचना उलटी आहे. आधी संमती, मग हजेरी. ज्यांनी काहीच कळवलं नाही त्या पालकांनी संमती दिली असं धरता येत नाही. म्हणजे प्रश्न त्या एका मुलीचा आहे असं सचिवांना वाटतं, पण कागदावर पाहिलं तर हॉलमध्ये बसलेल्या सगळ्याच मुलांची संमती तुमच्याकडे नाही. प्रवेशअर्जावर "शाळेच्या सर्व कार्यक्रमांत पाल्य सहभागी होईल" अशी एक ओळ छापून काम भागतं असं काहींना वाटतं. आमच्या मते भागत नाही. कशाला संमती देतोय हे पालकाला ठाऊक असायला हवं.

अमेरिकेत सरकार आणि धर्मसंस्था यांच्यात बरीच कडक सीमा आखलेली आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सरकारी शाळेने ठरवलेली प्रार्थना बाद केली, मुलांना बाहेर राहायची सोय असूनही. आपली मांडणी वेगळी आहे. इथे सरकार धार्मिक संस्थांच्या शाळांनाही अनुदान देतं, देवस्थानांच्या कारभारात लक्ष घालतं. मग मुलाचं संरक्षण कुठे? ते या संमतीत आहे. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सरकारी शाळांत धर्मशिक्षण का नको याची कारणं दिली. करातून आलेला पैसा एका धर्मासाठी वापरायचा नाही हे आधीच मान्य केलेलं आहे, इतक्या पंथांना प्रत्येकाचं शिक्षण देणं राज्याला झेपणारं नाही, आणि धर्म एकमेकांचे दावे नाकारतात तो वाद शाळेच्या आवारात आणायचा नाही. तिसरं कारण तुमच्या स्टाफरूममध्ये आज तुम्हाला दिसतच असेल.

आता तुमच्या शाळेत काय उपासना आहे आणि काय नाही, ते वेगळं करू. सत्यनारायणाची पूजा, आरती, कथा, होम, नमाज, चर्चमधला मास ही उपासना, यात शंका नको. सरस्वतीच्या तसबिरीला हळदकुंकू वाहून मुलांना रांगेने नमस्कार करायला लावणं हीसुद्धा उपासनाच. पण दिवाळीत कार्यानुभवाच्या तासाला आकाशकंदील करणं, रमजानात मैत्रिणीने डब्यातून आणलेला शीरखुर्मा खाणं, २६ जूनला शाहू जयंतीला महाराजांच्या प्रतिमेला हार घालणं, यात कुणावर उपासना लादली जात नाही. मराठीच्या पुस्तकातला अभंग पाठ करून घेणं हा साहित्याचा अभ्यास आहे. डी.ए.व्ही. कॉलेज खटल्यात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास धर्मशिक्षणात मोडत नाही असं म्हटलं. २००२ च्या अरुणा रॉय निकालातही धर्मांविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यांत फरक केला आहे. त्यामुळे उद्या कुणी पालक "संतकाव्याचा धडा नको" म्हणून आले तर तुम्ही ठामपणे नाही म्हणू शकता. तो अभ्यासक्रम आहे.

सकाळच्या प्रार्थनेचं उत्तर इतकं सरळ नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सोपवली, यावरूनच प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते कळतं. पण तुमच्या पालकांची मागणी प्रार्थना बंद करण्याची नाहीच. हात जोडायची सक्ती नको एवढंच त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडले नाहीत, त्यावरून त्यांची वेतनश्रेणी अडली होती. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अशी सक्ती मूलभूत हक्कांच्या विरोधात जाते. जे शिक्षकाला लागू तेच विद्यार्थिनीला. त्याआधी १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. ती मुलं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं होतं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीतासाठी जर हे, तर प्रार्थनेसाठी काय सांगावं.

प्रत्यक्षात करायचं ते थोडकं आहे. परिपाठाला माइकवरून "हात जोडा, डोळे मिटा" अशी आज्ञा दिली जाते ती बंद करा. क्रीडाशिक्षकांनी फक्त "सावधान" म्हणावं. ज्याला हात जोडायचेत तो जोडेल, ज्याला नाही तो हात सरळ ठेवून शांत उभा राहील. रांगांतून फिरणाऱ्या शिक्षकांनी कुणाच्या हातांकडे बघायचं नाही, बोलणं गोंधळ करणाऱ्यालाच. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका हे प्रार्थनेपासून वेगळे ठेवा, म्हणजे मधे दहा-पंधरा सेकंद थांबून मग सुरू करा. नाहीतर प्रार्थनेला हात न जोडणारं मूल राष्ट्रगीताचाही मान राखत नाही असा गैरसमज पसरतो. असे गैरसमज शाळेतून वाड्या-पेठांत जायला एक संध्याकाळ पुरते.

आता पूजा. आमचा सल्ला स्पष्ट आहे: ती शाळेच्या वेळेतून बाहेर काढा आणि संस्थेचा कार्यक्रम म्हणून रविवारी सकाळी करा. "शाळा सुटल्यावर लगेच" ही सोय वरवर बरी दिसते, पण त्यात एक खोच आहे. ज्यांची रिक्षा सहाला येते किंवा जी मुलं केएमटीच्या बसची वाट बघतात ती कुठे जाणार? ती हॉलमध्येच बसतात, आणि मग "कुणाला जबरदस्ती केली नाही" हे म्हणणं पोकळ ठरतं. रविवारी ज्याला यायचं तोच येतो.

शाळेच्या वेळेतच करायची असा संस्थेचा हट्ट असेल तर संमतीपत्राशिवाय पुढे जाऊ नका. मजकूर असा ठेवता येईल:

"पालकांस, दि. ___ रोजी ___ ते ___ या वेळेत शाळेच्या हॉलमध्ये संस्थेतर्फे सत्यनारायणाची पूजा आहे. उपस्थिती ऐच्छिक आहे. आपल्या पाल्याने उपस्थित राहावे असे वाटत असल्यास खाली सही करून ही चिठ्ठी दि. ___ पर्यंत कार्यालयातील पेटीत टाकावी. चिठ्ठी न मिळाल्यास पाल्य पूजेस येणार नाही असे समजले जाईल व त्या वेळेत त्याचे नियमित तास/वाचन होईल. न येण्याचे कारण देण्याची गरज नाही. हजेरी, गुण वा वर्तनाची नोंद यांवर याचा परिणाम होणार नाही. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येईल."

हा फॉर्म कसा वाटला आणि गोळा केला जातो यावर निम्मं यश आहे. तो सगळ्या मुलांना द्या. जनरल रजिस्टरमधला धर्माचा रकाना पाहून "त्या" मुलांनाच देण्याचा मोह कारकुनाला होतो, कारण कागद वाचतो. तसं केलंत तर तुम्हीच मुलांची धर्मावर विभागणी केली. शिवाय रजिस्टरमधला धर्म आणि घरातली श्रद्धा एकच असेल असं नाही. धर्म सांगायलाच हवा अशी सक्ती सरकारलाही करता येत नाही, आपला कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलेलं आहे. फॉर्म वर्गमंत्र्याने बाकाबाकावर फिरून गोळा करायचे नाहीत. कुणी दिला, कुणी नाही हे मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर होतं. कार्यालयाबाहेर बंद पेटी ठेवा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोण येणार?" असं विचारून अंगठे गोळा करू नका. तिथे नाही म्हणणाऱ्या पालकाला इतर पालक विचारायला लागतात आणि दोन दिवसांत ते हो म्हणतात. ती संमती दबावाखालची. किती जणांनी हो म्हटलं, किती नाही, हा आकडा स्टाफ मीटिंगमध्येसुद्धा जाहीर करायचं कारण नाही.

आई हो म्हणते आणि वडील नाही, असंही घडतं. अशा वेळी दोघांचं एकमत होईपर्यंत संमती नाही असं धरा. मुलीला स्वतःला मैत्रिणींबरोबर आरतीला उभं राहायचं असेल, पालकांना नको असेल, तर अठरा वर्षांपर्यंत संविधानाने निर्णय पालकाकडे दिलाय. शिक्षिकेने तिची बाजू घेऊन घरी फोन करू नये.

व्हरांड्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पत्रात तुम्ही ते एका वाक्यात लिहिलंय आणि आम्हाला तेच सर्वांत गंभीर वाटतं. वर्गशिक्षिकेचा हेतू वाईट नसेल. हॉलमध्ये बसवायचं नाही, वर्गात एकटी कशी सोडायची, म्हणून डोळ्यांसमोर बसवली असेल. पण मुलीच्या बाजूने पाहा. हॉलच्या दाराबाहेर सगळ्यांच्या चपला, आतून आरतीचा आवाज, येणारं-जाणारं प्रत्येक जण विचारतंय, "तू का गं बाहेर?" वडिलांनी कारण लिहिलं नव्हतं, ते सांगायची वेळ बारा वर्षांच्या मुलीवर आली. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि अशा प्रसंगाची तक्रार त्या कलमाखाली होऊ शकते. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हायचा असतो. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाचं दारही उघडं आहे.

सचिवांना परंपरेबद्दल बोलायचं असेल तर कोल्हापूरच्या शाळांची परंपराच त्यांच्यापुढे ठेवा. १९१९ मध्ये शाहू महाराजांच्या संस्थानात अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. १९०१ पासून याच शहरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा प्रत्येक समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. तिथे ज्याचा त्याचा आचार होता, पण शाळेत मात्र सगळे एका छताखाली बसायचे. आपापल्या श्रद्धेला जागा आणि वर्गात कुणालाही बाहेर बसवणं नाही, या दोन्ही गोष्टी या गावाने शंभर वर्षांपूर्वी एकत्र करून दाखवल्या आहेत. चाळीस वर्षांची पूजा त्यापेक्षा जुनी नाही.

पर्यायी व्यवस्था खरी असली पाहिजे. न येणाऱ्या मुलांसाठी ग्रंथालय किंवा विज्ञान प्रयोगशाळा उघडी ठेवा, तिथे एक शिक्षक पूर्ण वेळ असू द्या, आणि काहीतरी करायला द्या. एखादा प्रयोग, चित्रकला, वाचन, काहीही चालेल, मात्र शिक्षा वाटेल असं लेखनकाम नको. मूल एकच असलं तरी ही व्यवस्था लावायचीच. हॉलच्या आवाजापासून लांबची खोली निवडा. हजेरीपटावर सगळे हजर. त्या शिक्षकाची नेमणूक आधी लेखी काढा, नाहीतर ऐनवेळी "पूजेला माणसं कमी पडली" म्हणून त्यालाच बोलावून घेतात आणि मुलं परत एकटी राहतात.

प्रसादाचं सोपं आहे. सव्वा किलोचा शिरा करा नाहीतर पाच किलोचा, द्रोण भरून टेबलावर ठेवा. ज्याला हवा तो घेईल. प्रत्येकाच्या हातात देत वर्गावर्गातून फिरू नका, आणि घेऊ पाहणाऱ्या मुलाला "तुला चालतो का?" असंही विचारू नका. एक खबरदारी मात्र नक्की घ्या. पाचवी ते आठवीच्या शालेय पोषण आहाराचा साठा, त्याचा गॅस सिलेंडर आणि स्वयंपाकाच्या ताईंचा वेळ यातलं काहीही प्रसादासाठी वापरू नका. त्या दिवशीचा आहार वेगळा शिजला पाहिजे आणि नोंदवहीत तसा दिसला पाहिजे. साठा तपासणीत अशी तफावत सापडली की मग पूजेचा मुद्दा बाजूला राहतो आणि अपहाराची चौकशी सुरू होते.

पैशाबद्दल. प्रत्येकी ५० रुपये ही वर्गणी ताबडतोब थांबवा. संविधानाचं कलम २७ करांपुरतं आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या पुरस्कारासाठी कर द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, असं ते म्हणतं. वर्गणी हा कर नाही, त्यामुळे ते कलम जसंच्या तसं इथे लागत नाही, असा युक्तिवाद सचिव करतील आणि तो चुकीचा नाही. पण ज्या पूजेला हजेरीची सक्ती करता येत नाही तिच्यासाठी पैशाची सक्ती कशी करणार? वर्गशिक्षिकेने वर्गात यादी घेऊन "कुणाचे राहिले?" असं विचारणं ही सक्तीच झाली. सत्र शुल्कातून किंवा वेतनेतर अनुदानातून एक रुपयाही या कामाला लावू नका, लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि त्याचं उत्तर मुख्याध्यापकांच्या सहीने द्यावं लागतं. खर्च संस्थेने करावा, विश्वस्त आणि इच्छुक मोठ्या माणसांच्या देणगीतून, संस्थेच्या पावतीपुस्तकावर. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार, तर तिच्या घटनेत उद्देश काय लिहिलेत तेही सचिवांना पाहायला सांगा. फक्त शैक्षणिक उद्देश असतील तर न्यासाच्या निधीतून धार्मिक खर्चाबद्दल धर्मादाय कार्यालयातही विचारणा होऊ शकते. यंदा ज्या पालकाकडून नको असताना वर्गणी घेतली गेली असेल त्याला ती परत द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कुणीही "किती जमा, कोणत्या पावतीवर, कुठे खर्च" असं विचारू शकतं, आणि अनुदानित शाळेला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेव्हा हिशेब नीट असला तर झोप लागते.

पालकांना उत्तर आठवड्याच्या आत द्या. लांबण लावू नका, समर्थन करू नका. "आपला दि. ___ चा अर्ज मिळाला. आपल्या पाल्यास कोणत्याही पूजेस वा धार्मिक कार्यक्रमास आपल्या लेखी संमतीशिवाय बसवले जाणार नाही. परिपाठाच्या वेळी हात जोडणे ऐच्छिक राहील. वर्गणी घेतली जाणार नाही. दि. ___ रोजी तिला व्हरांड्यात बसवले गेले ते योग्य नव्हते, तसे पुन्हा होणार नाही." एवढं पुरे. शेवटचं वाक्य गाळायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, पण ते गाळू नका. बहुतेक पालकांना तेवढंच हवं असतं आणि विषय तिथेच मिटतो. त्यांना बोलावून "तुमचा धर्म कोणता, नेमकी अडचण काय" असं विचारू नका. शिक्षिकेशी बंद दाराआड बोला, आणि मुलीशी या विषयावर वेगळं बोलूच नका. तिला काही सांगायचं असेल तर ती सांगेल.

दुसऱ्या बाजूचे पालकही येतील. "आमची पूजा बंद पाडली" असं म्हणत. त्यांना सरळ सांगा, पूजा बंद नाही, रविवारी आहे, जरूर या. शाळा व्यवस्थापन समितीत किंवा पालक-शिक्षक संघात मतदान घेऊन हा प्रश्न सोडवायचा विचार कुणी मांडला तर तो विषयपत्रिकेवर घेऊ नका. अनुदानित शाळेत व्यवस्थापन समितीचं काम सल्ल्याचं असतं, आणि तसंही बहुमताने कुणाचा मूलभूत हक्क कमी होत नाही.

सचिव ऐकत नसतील तर वाद घालत बसू नका. एका पानाचं टिपण द्या: अर्ज आला, कलम २८(३) असं आहे, माझा प्रस्ताव असा आहे, आपला निर्णय लेखी कळवावा. तोंडी आदेशावर सक्तीची पूजा करू नका. लेखी मागितलं की बहुतेक वेळा सूर बदलतो, कारण "पालकाची संमती नसतानाही बसवा" असं सहीनिशी लिहायला कुणी तयार होत नाही. टिपणाची प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना मार्गदर्शनासाठी पाठवता येते. यावरून तुमच्यावर आकसाने कारवाई झाली, म्हणजे बडतर्फी किंवा पदावनती, तर खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या अधिनियमातल्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील आहे. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस, ती चुकवू नका. न्यायाधिकरण कोल्हापुरात आहेच, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथे सुरू झाल्याने रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. हे पालकांनाही ठाऊक आहे, ही गोष्ट सचिवांच्या कानावर घालायला हरकत नाही.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न, यजमान म्हणून बसण्याचा. संविधानाच्या कलम २५ ने श्रद्धेचा हक्क तुम्हालाही दिलाय. रविवारी संस्थेच्या पूजेला साडी नेसून, पाटावर बसून, मनापासून पूजा सांगून घ्या. त्यात काही गैर नाही आणि कुणी तसं म्हणत असेल तर ते चूक. फक्त ती "मुख्याध्यापिका" म्हणून असू नये. निमंत्रणपत्रिका शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून काढू नका, ती संस्थेच्या नावाने निघू द्या. शाळेच्या फलकावर "सर्वांनी उपस्थित राहावे" असं लिहू नका. शिक्षकांना येण्याबद्दल विचारू नका, कारण गोपनीय अहवाल तुम्ही लिहिता, आणि तुमचं साधं "येताय ना?" हेसुद्धा त्यांना आदेशासारखं ऐकू येतं. जमलं तर पुढच्या पूजेचं यजमानपद एखाद्या विश्वस्त दांपत्याला द्या आणि तुम्ही मागे, इतर भाविकांत बसा.